पोळ्याचा मातीचा बैल व बालकांची शाळा

आमच्या नाशिक जिल्ह्यांत पोळा आला म्हणजे घरोघर मातीचे बैल होतात. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशीं गांवच्या कुंभारवाड्यांत एक चार वर्षांचा पोर ओट्यावर बसून बैल करीत होता. वशिंड फार मोठें झालें म्हणून त्यानें चिमूटभर माती काढून शिंगांस लावली. पाय लांबआंखूड झाले म्हणून बैल लंगडतो हें पाहून ते सारखे केले. इतक्यांत त्याचा बाप आला व आम्हांस म्हणाला, "गुरुजी, ह्याला तालुक्याच्या इंग्रजी बालवर्गांत घालतों. दोन शेळ्या विकायच्या ठरवल्यात. अंगणवाडीत पोरं नुसती खेळत्यात. मातीत आमचा जन्म गेला, ह्याची तरी सुटूं द्या."

ह्या बापास कोणीं हंसूं नये. ज्यांच्या हातांच्या कामास पिढ्यान्‌पिढ्या हलकें लेखलें गेलें, त्यांस अक्षराची ओढ असणारच. परंतु शेळ्या विकण्यापूर्वीं त्यानें व आमच्या सर्व शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं बालशिक्षणाचा इतिहास थोडा ऐकावा.

ज्या 'केजी'साठीं आपण पैसे मोजतों, तें नांव जर्मनींतील फ्रोबेल नामक शिक्षकाचें आहे. त्यानें १८३७ सालीं ब्लँकेनबुर्ग गांवीं लहान मुलांसाठीं संस्था काढली व १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन' म्हणजे 'बालकांची बाग' असें नांव दिलें. तेथें मुलांच्या हातीं काय दिलें? लोंकरीचे चेंडू, लांकडी ठोकळे, विणावयास कागदाच्या पट्ट्या, सुईदोरा व माती! म्हणजे विणकर, सुतार, शिंपी व कुंभार ह्यांचेंच काम खेळ म्हणून शाळेंत आलें. हीच पद्धति अमेरिकेंत शिकून पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस काढलेल्या आपल्या शारदा सदनांत आणली.

पुढें ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालवाडी काढली. गरिबांचीं मुलें शाळेकडे येत नाहींत हें पाहून त्यांनीं शाळाच वस्तीच्या अंगणांत नेली. महाग साहित्य परवडेना, तेव्हां शिंपले, बिया, खडे, पानें, फुलें हींच साधनें केलीं. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत त्यांचें हें काम चाललें. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारनें गांवोगांव अंगणवाड्या काढल्या, त्यांच्या नांवांतहि हेंच अंगण आहे.

कोणी म्हणेल, "आमच्या पोरांस माती व त्यांच्या पोरांस पुस्तक, हा जुनाच डाव आहे." ही शंका खोटी नव्हे. १९५३ सालीं मद्रासेंत राजाजींच्या सरकारनें असें ठरविलें कीं, मुलांनीं थोडा वेळ शाळेंत बसावें व उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. पेरियार रामस्वामींनीं त्याविरुद्ध रान उठविलें व १९५४ सालीं ती योजना रद्द झाली. तें योग्यच झालें. कुंभाराच्या मुलास कुंभारच ठेवण्यासाठीं जर माती असेल, तर ती आम्हांस नको. पण चार वर्षांच्या वयांत वकिलाच्या मुलानेंहि माती मळावी व कुंभाराच्या मुलानेंहि मळावी, आणि पुढें दोघांनीं एकाच बांकावर बसून पुस्तक वाचावें, ह्यांत कोणाचें नुकसान आहे?

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनांत बारा वर्षांपर्यंत सक्तीचें शिक्षण मागितलें. आणि त्याच निवेदनांत, नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्यास ज्यांस लाज वाटणार नाहीं, असे शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्यावे, असेंहि सांगितलें. अक्षर व हात ह्यांची त्यांनीं फारकत केली नाहीं.

आमच्या पहिलीच्या वर्गांत 'ए'पासून 'झेड'पर्यंत घोकून आलेलीं मुलें येतात. पांच चिंचोके पुढें ठेवून "दोन उचल" म्हटलें म्हणजे तीं आमच्या तोंडाकडे पाहतात. मातीवर व मण्यांवर ज्यांचीं बोटें वळलेलीं असतात, त्यांस पेन्सिल लवकर साधते. २०२० सालचें शैक्षणिक धोरणहि तीन ते आठ वर्षांच्या मुलांस खेळांतून व कृतींतून शिकवा असेंच सांगतें.

सर्व अंगणवाड्या नीट चालतात असें आमचें म्हणणें नाहीं. कित्येक ठिकाणीं खिचडी वाटली कीं काम संपतें. म्हणून ग्रामसभेंत उठून विचारा कीं, आमचीं मुलें तेथें काय करतात? सुतारानें लांकडाचे तुकडे घासून द्यावे, शिंप्यानें चिंध्या द्याव्या, कुंभारानें मळलेली माती द्यावी, म्हातारीनें गोष्ट सांगावयास जावें. इतक्याला पैसा लागत नाहीं.

त्या बापास आम्हीं एवढेंच सांगितलें, "दादा, शेळ्या राहूं द्या. हा पोर हायस्कुलांत जाईल तेव्हां पुस्तकांस पैसे लागतील, तेव्हां विका." तो कांहीं बोलला नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं पाटावर पुजलेला बैल त्या पोरानें केलेला होता.