ट्यूब डॅक गोड वाजतो, की नुसता मोठा?

शिरवळच्या एमआयडीसीत कामाला असलेले माझे एक शेजारी दुसऱ्या पाळीवरून रात्री बाराच्या सुमारास घरी येतात. जेवण झाले की अर्धा तास गाणे. महामार्गावरचे ट्रक सोडले तर त्या वेळी दुसरा आवाज नसतो. दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी ऑनलाइन एक ट्यूब डॅक मागवला आणि पंधरा दिवसांत माझ्या दाराशी आले. म्हणाले, "दादा, आवाज लय भारी हाय, पण बटण कुठं ठेवायचं तेच कळंना."

घरी जाऊन पाहिले. त्यांच्या प्रीअँपचे व्हॉल्यूमचे बटण घड्याळाच्या भाषेत सातला बंद असते आणि पाचला पूर्ण उघडते. नवा डॅक जोडल्यावर साडेसातला डावा स्पीकर जवळजवळ मुका, आठला गाणे बरोबर, साडेआठला भिंतीपलीकडून खाकरणे ऐकू यायचे. म्हणजे एवढ्या मोठ्या फेऱ्यातली बोटभर जागाच कामाची. वर गाणारा तार सप्तकात गेला की आवाज फाटायचा. विक्रेत्याचा सल्ला होता व्हॉल्व्ह बदला. समाजमाध्यमांवरच्या जाणत्यांचा सल्ला होता प्रीअँपच बदला. दोन्ही मिळून महिन्याचा पगार गेला असता. प्रत्यक्षात काम झाले चार रेझिस्टरवर. त्यांची किंमत टपरीवरच्या एका चहाएवढी.

म्हणून हा लेख. ट्यूब डॅक घेणाऱ्याने व्हॉल्व्हचे नाव, चिपचा क्रमांक आणि पेटीचा रंग पाहण्याआधी एक आकडा पाहावा: ही पेटी किती व्होल्ट बाहेर काढते? हा आकडा जाहिरातीत बहुतेक वेळा नसतोच. माझ्या मते तो खोक्यावर छापलेला असायला हवा.

हे व्होल्ट येतात कुठून?

मोबाइलमधले गाणे आकड्यांच्या रूपात असते. त्या आकड्यांची विजेची लहर करणारी पेटी म्हणजे डॅक. ट्यूब डॅकमध्येही हे रूपांतर चिपच करते, शेवटच्या टप्प्यात फक्त व्हॉल्व्ह असतो. तिथून लहर प्रीअँपकडे, मग पॉवर अँपकडे, मग स्पीकरकडे.

व्हॉल्व्ह आपल्याला नवा नाही. शिरवळवरून जाणाऱ्या महामार्गाने खाली उतरत गेले की बेंगळुरू लागते. तिथे भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की दिवा तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबावे लागे, हे ज्यांना आठवते ते आज आजोबा-आजी आहेत.

त्या काळातले ट्यूनर आणि टेपडेक अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी लहर देत. म्हणून प्रीअँपला ती चारपट, दहापट वाढवावी लागे. १९८२ मध्ये सीडी प्लेअर बाजारात आले आणि कमाल २ व्होल्ट ही पातळी रूढ झाली. साधे डॅक आजही तिच्या आसपास असतात. व्हॉल्व्हला मात्र मुळातच लहर वाढवण्याची सवय. शिवाय जास्त आवाज म्हणजे जास्त दम, असा ग्राहकाचा समज बनवणाऱ्यांना ठाऊक असतो. त्यामुळे ३, ४, कधी ५ व्होल्ट देणाऱ्या पेट्या दिसतात. प्रीअँपची वाढवण्याची जुनी सवय मात्र गेलेली नाही.

शेजाऱ्यांच्या डॅकने ४ व्होल्ट दिले. त्यांचा प्रीअँप चारपट वाढवतो आणि पॉवर अँपला पूर्ण ताकदीसाठी १ व्होल्ट पुरतो. चार गुणिले चार सोळा. गरज एकाची आणि माल सोळाचा. उरलेला सगळा भार व्हॉल्यूमच्या बटणाने अडवायचा. असे बटण साडेसात-आठच्या पुढे जाणार कसे? तळाच्या त्या भागात साध्या बटणाच्या दोन पट्ट्या एकमेकींशी नीट जुळत नाहीत. डावा स्पीकर मुका वाटायचा तो त्यामुळे.

आवाज फाटण्याचे कारण वेगळे. त्या प्रीअँपमध्ये व्हॉल्यूमच्या आधी एक छोटा टप्पा आहे आणि सगळी पेटी १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालते. ४ व्होल्टची लहर शिखरावर ५.६ व्होल्टला पोहोचते. तिथे वर-खाली हलायला जागाच तेवढी नाही, म्हणून शिखरे कापली जातात. वीर धरणाच्या कालव्यावर शेती असणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. चारीला पाणी जास्त सोडले तर बांधावरचे दार कितीही बंद करा, चारी वरच फुटते. व्हॉल्यूम कमी करूनही आवाज फाटत असेल, तर दोष व्हॉल्यूमच्या आधी आहे, एवढे ओळखावे. काही एव्ही रिसीव्हर आणि ऑक्सची सोय असलेले छोटे स्पीकर तर २ व्होल्टलाच हात टेकतात.

मोजायचे कसे?

गाण्यावर मोजता येत नाही, काटा नाचत राहतो. पूर्ण पातळीचा सलग सूर लागतो. तो १०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यानचा घ्यावा. हजार हर्ट्झवर स्वस्त मीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. डॅकची वायर प्रीअँपमधून काढायची, मीटर एसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक आरसीए पिनच्या मधल्या काडीला, दुसरे बाहेरच्या कड्याला. दोन्ही बाजू मोजायच्या.

मीटर मात्र बरा हवा. इलेक्ट्रिशियनच्या खिशातला पिवळा मीटर एसीला २०० व्होल्टच्या खाली उतरतच नाही. त्यावर ४ आणि ३.९ यांतला फरकही जेमतेम कळतो. २ आणि २० व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर शेजाऱ्याकडून मागून आणा, पण आणा.

मोजमापासाठी डॅक उघडायची गरज नाही. उघडूही नये. व्हॉल्व्हच्या पेटीत १५०-२५० व्होल्टचा डीसी दाब सर्रास असतो आणि वायर काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. व्हिडिओ पाहून झाकण काढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

चार रेझिस्टर कुठले?

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला गेलात तर मेटल फिल्म रेझिस्टर मूठभर मिळतील. प्रत्येक बाजूला दोन लागतात. ३३ किलोओहमचा लहरीच्या वाटेत, आणि १० किलोओहमचा त्याच्या पुढच्या टोकापासून अर्थपर्यंत. प्रीअँपची इनपुट इम्पिडन्स ४७ किलोओहम असेल, तर ही जोडी बरोबर पाचवा भाग पुढे सोडते. ४ व्होल्टचे ०.८ झाले. डेसिबलमध्ये बोलायचे तर १४ डेसिबल कपात. ही जोडी छोट्या डबीत किंवा आरसीए पिनच्या टोपणातच बसते. ती प्रीअँपच्या बाजूला लावावी, म्हणजे तिच्यापुढची वायर आखूड राहते. डाग लावता येत नसेल तर १० किंवा १२ डेसिबलचे तयार अ‍ॅटेन्युएटर मिळतात. तत्त्व तेच, फक्त किंमत जास्त.

या जोडीचा आणखी एक फायदा आहे. व्हॉल्व्हच्या आउटपुटला हलके ओझे आवडते. १० किलोओहमची इनपुट असलेला प्रीअँप थेट जोडला आणि डॅकमधला शेवटचा कपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरडचा असला, तर ३४ हर्ट्झच्या आसपास खर्ज उतरू लागतो. पखवाजाच्या धुमेत आणि तबल्याच्या डग्ग्यात ते जाणवू शकते. मधे ३३ आणि १० आले की डॅकला किमान ३८ किलोओहम दिसतात आणि तोच उतार ९ हर्ट्झपाशी जातो. मात्र अशा प्रीअँपवर कपात १४ ऐवजी साडेसतरा डेसिबल होते, हे धरून चालावे.

मग मोबाइलवरच आवाज कमी का करू नये, असे कोणी विचारेल. चालते. १६ बिटचे रेकॉर्डिंग २४ बिटच्या वाटेने जात असेल, तर १४ डेसिबलने गाण्याचे काही बिघडत नाही. पण व्हॉल्व्हची स्वतःची खरखर आणि विजेची घूं तेवढीच राहते. गाणे लहान झाले, घूं तशीच. ख्यालाच्या सुरुवातीला नुसता तंबोरा वाजत असतो तेव्हा ती उघडी पडते. रेझिस्टर व्हॉल्व्हच्या नंतर लावले तर दोन्ही एकाच मापाने खाली येतात. म्हणून माझे मत व्हॉल्व्हनंतरच्या कपातीच्या बाजूने आहे.

हौशी मंडळींचा एक ठरलेला आक्षेप असतो: रेझिस्टर लावला की गाण्यातला जीव जातो. पण व्हॉल्यूमचे बटण म्हणजे दुसरे काय? तीही रेझिस्टरचीच जोडी, फिरवता येणारी. शेजाऱ्यांचे बटण आठवर असताना ती लहरीचा मोठा हिस्सा गिळतच होती. तेव्हा कोणाला जीव गेल्याचे जाणवले नाही.

आणि तो गोडवा?

इथे मला जास्त बोलायचे आहे, कारण पैसे इथेच जातात.

शेजाऱ्यांनी जुना आणि नवा डॅक बटणाला हात न लावता आलटून पालटून ऐकला होता. जुना २ व्होल्टचा, नवा ४ चा. दुप्पट व्होल्ट म्हणजे ६ डेसिबल. एवढा फरक कोणालाही ऐकू येतो. घोळ होतो तो एखाद्या डेसिबलच्या फरकात. तेव्हा कान 'हा मोठा आहे' असे म्हणत नाही, 'हा भरलेला आहे, मोकळा आहे, गोड आहे' असे म्हणतो. दुकानदारांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. महागडी पेटी किंचित मोठी लावायची, बाकी ग्राहकाचा कान पाहून घेतो.

व्हॉल्व्हमध्ये गोडवा नसतोच, असे मी म्हणत नाही. तो मुळच्या सुरात दुप्पट कंपनसंख्येचा सूर थोडा मिसळतो आणि कानाला ते आवडते. आपल्या भागात हे उदाहरण देऊन सांगायची सोय आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, तेव्हा घोडीचा पृष्ठभाग केसभर घासून तारेतले वरचे सूर फुलवतात. जवारी म्हणजे आवाज वाढवणे नव्हे. जवारी लागली की नाही हे पाहताना कारागीर तार जोराने छेडून गिऱ्हाईक पटवत नाही, त्याच हलक्या बोटाने परत परत छेडतो.

डॅक तपासतानाही हेच करावे. एकच सलग सूर लावून दोन्ही पेट्यांचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत जुळवावेत. मग घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वायर बदलायला सांगावे आणि कुठली जोडली ते विचारू नये. जुळवणी पेटीच्या मागेच करावी. व्हॉल्यूमच्या बटणावर अंदाजाने केलेली जुळवणी कामाची नाही.

एका रविवारी दुपारी आम्ही हे केले. वायर बदलायला त्यांची नववीतली मुलगी होती. तिने तीच पेटी सलग तीनदा लावून बापाची मजाही केली. फरक राहिला, पण तो शोधावा लागला. तंबोऱ्यात आणि सारंगीत थोडा, तबल्यात जवळजवळ नाही. पहिल्या दिवशीच्या 'लय भारी'मधला मोठा वाटा त्या दोन जादा व्होल्टचा होता, हे त्यांनीच मान्य केले. डॅक त्यांनी ठेवला. सारंगीसाठी ठेवला, असे म्हणतात. नव्या प्रीअँपचा विचार मात्र सोडला.

ज्या वस्तूचा सगळा व्यवहार व्होल्टमध्ये चालतो, तिच्या जाहिरातीत 'उबदार', 'मखमली' असे शब्द असावेत आणि व्होल्ट नसावेत, हे मला पटत नाही. मिक्सरवर वॅट छापतात, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर अँपिअर-अवर छापतात. ट्यूब डॅकवर पूर्ण पातळीचे व्होल्ट आणि आउटपुट इम्पिडन्स हे दोन आकडे छापायला जागा लागते ती दोन ओळींची. तोपर्यंत घेणाऱ्याने ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारावे. उत्तरात आकडा आला नाही, तर परत करण्याची मुदत किती दिवस आहे ते आधी पाहून ठेवावे.

शेजाऱ्यांचे बटण आता अकराच्या आसपास असते. डॅक सर्वांत आधी चालू, पॉवर अँप सर्वांत शेवटी, आणि बंद करताना उलट, हा क्रम त्यांनी स्विचबोर्डाशेजारी कागदावर लिहून चिकटवला आहे. व्हॉल्व्ह तापताना येणारा धक्का स्पीकरला बसू नये म्हणून. कागदावरचे अक्षर मुलीचे आहे.