संकेतस्थळाची परीक्षा

डेटिंगच्या संकेतस्थळांविषयीं आमच्या सुशिक्षित समाजांत दोन मतें प्रचलित आहेत. एक पक्ष म्हणतो, हा सर्व प्रकारच त्याज्य. दुसरा म्हणतो, जेथें सभासद अधिक तेथें नांव नोंदवावें म्हणजे झालें. पहिल्या पक्षाशीं वाद घालण्याचें आतां फारसें प्रयोजन उरलेलें नाहीं. समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड व त्यांचे सहकारी यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनाप्रमाणें, अमेरिकेंत २०१७ सालीं जुळलेल्या स्त्रीपुरुषांच्या जोडप्यांपैकीं सुमारें ३९ टक्के जोडप्यांची ओळख इंटरनेटवर झाली होती. जें साधन इतक्यांच्या उपयोगीं पडलें त्याला नुसतें नाक मुरडून चालणार नाहीं. आमचा वाद आहे तो दुसऱ्या पक्षाशीं.

सभासदसंख्येच्या नगाऱ्याला भुलणारांना आमचा पहिला प्रश्न असा कीं, ही संख्या कोणाची? नांव नोंदवून महिन्याभरांत कंटाळून गेलेले, लग्न होऊन संसाराला लागलेले आणि केवळ फसवणुकीसाठीं खोटें नांव घेऊन बसलेले, हे सर्व त्या आंकड्यांत येऊं शकतात. शिवाय सांगलीच्या मुलीला न्यूयॉर्कच्या लक्षावधि सभासदांचा उपयोग काय? दुसरी भूल गणिताची. तुमच्या स्वभावाचें पृथक्करण करून आम्ही अनुरूप जोडीदार शोधून देतों, असें कांहीं संकेतस्थळें छातीठोकपणें सांगत आलीं आहेत. ईलाय फिंकेल व त्यांचे चार सहकारी या अभ्यासकांनीं २०१२ सालीं या दाव्याची छाननी केली, आणि त्याला पटण्याजोगा शास्त्रीय पुरावा नाहीं असा निर्वाळा दिला. पत्रिकेंतील छत्तीस गुणांना हंसणारे आमचे तरुण या नव्या गुणमेलनापुढें मात्र मुकाट्यानें मान तुकवितात, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें!

मग परीक्षा कशानें करावी? आमचें उत्तर असें कीं, जेथून बाहेर पडणें सोपें तें संकेतस्थळ चांगलें. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला जुळलेलें प्रत्येक जोडपें म्हणजे गमावलेलीं दोन गिऱ्हाइकें. तेव्हां तिची नियत आंत घेतांना नव्हे, तर बाहेर सोडतांना कळते. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें २०१९ सालीं मॅच ग्रूप या कंपनीवर दावा लावला. त्यांतील एक आरोप वर्गणी बंद करण्याची रीत जिकिरीची ठेवल्याचा होता. २०२५ सालीं कंपनीनें १ कोटि ४० लक्ष डॉलर देण्याचें कबूल करून तो मिटविला. टिंडर, हिंज व ओकेक्युपिड हीं निरनिराळीं दिसणारीं नांवें याच कंपनीचीं आहेत. त्यांतून निवड करणारा एकाच दुकानाच्या तीन फळ्या न्याहाळीत असतो.

माहितीच्या बाबतींत तर अवस्था याहून वाईट. विवाहबाह्य संबंधांसाठीं चालविलेलें ॲश्ली मॅडिसन हें संकेतस्थळ सभासदाची सर्व माहिती पुसून टाकण्याबद्दल १९ डॉलर घेत असे. २०१५ सालीं चोरांनीं त्याचें भांडार फोडलें, तेव्हां पैसे भरून गेलेल्यांची माहितीहि आंत पडून असल्याचें उघडकीस आलें. त्या गिऱ्हाइकांविषयीं कोणास सहानुभूति वाटो वा न वाटो, दाम घेऊन काम न करणें ही लबाडीच होय. सभासदांची माहिती योग्य संमतीवांचून जाहिरातदारांना दिल्याबद्दल नॉर्वेच्या माहिती-संरक्षण खात्यानें २०२१ सालीं ग्राइंडरला ६ कोटि ५० लक्ष क्रोनर दंड केला.

यावर कोणी म्हणेल कीं, व्यापाऱ्यानें नफा पाहूं नये काय? आमचीं वधूवरसूचक मंडळेंहि फी घेतच होतीं. घेत होतीं खरीं. परंतु लग्न जमलें म्हणजे मंडळाचें नांव होई, आणि मुलीचा फोटो भलत्याच्या हातीं गेला तर जाब विचारावयास तिच्या बापाला एक दार तरी माहीत असे. संकेतस्थळाच्या बाबतींत तें दार आपणच आधीं शोधून ठेविलें पाहिजे.

म्हणून वर्गणी कशी बंद होते तें पैसे भरण्यापूर्वींच वाचावें. फोनवरून ॲप काढून टाकल्यानें खातें मिटत नाहीं आणि वर्गणीहि आपोआप थांबत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. सभासदाची ओळख कशी पडताळतात, तक्रार कोणाकडे करावयाची, फोटो कायमचे पुसण्याची सोय कोठें आहे, हें पाहावें. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीं भारतांत २०२३ सालीं झालेल्या कायद्यानें आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. तो मागण्याची वाट जेथें सांपडत नाहीं तेथें आपला फोटो लावूं नये. आंत जाण्यास एक मिनिट आणि बाहेर पडण्यास एक महिना, असा जेथें प्रकार असेल तेथें सभासद कोट्यवधि असले तरी आमच्या तरुणांनीं, व विशेषतः तरुणींनीं, पाऊल टाकूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.