लहरी जनतेच्या, लहर सरकारची

१९९५ हे साल आम्हा कडेकरांच्या लक्षात आहे ते रेल्वेमुळे. नगर-बीड-परळी या मार्गाला त्या सुमारास मंजुरी मिळाली आणि मग सुरू झाली ती वाट पाहणे नावाची मराठवाड्याची जुनी साधना. नगरहून निघालेली गाडी कड्यावरून आष्टीला पोचली सप्टेंबर २०२२ मध्ये, बीडला पोचली सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात निवेदने झाली, मोर्चे झाले, उपोषणे झाली. प्रत्येक निवडणुकीत रेल्वे रुळांऐवजी भाषणांवरून धावली. पण अखेर ती आली.

त्याच १९९५ साली आणखी एक गोष्ट मंजूर झाली होती, आणि तिच्यासाठी मात्र आमच्यापैकी कुणीही एक दिवसाचे उपोषण केलेले नाही. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती व प्रसारण मंत्रालय आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यातल्या खटल्याचा निकाल दिला. तंटा क्रिकेटच्या सामन्यांचे प्रक्षेपण कुणी करावे एवढाच होता, न्या. पी. बी. सावंत यांनी मुख्य निकालपत्रात तो पार मुळापर्यंत नेला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि धनदांडग्यांचीही नको. समाजाच्या सर्व थरांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वायत्त यंत्रणेने लोकहितासाठी तिचे नियमन करावे, असा त्याचा आशय आहे. तशी यंत्रणा उभारण्यासाठी तातडीने पावले उचला, असे न्यायालयाने केंद्र सरकारला बजावले होते. तीन दशके उलटली. ती यंत्रणा कुठे आहे?

लहरी जनतेच्या ठरल्या, पण त्या कुणाला द्यायच्या आणि कुणी त्यांवर काय बोलायचे हे आजही मंत्रालयाच्या लहरीवर ठरते. आमचा वाद या विसंगतीशी आहे.

कुणी म्हणेल, प्रसार भारती आहे की! आहे खरी. १९९० चा तो कायदा सात वर्षे धूळ खात पडला आणि १९९७ मध्ये अमलात आला. त्याचे बारावे कलम एकदा आवर्जून वाचावे. जनहिताच्या सर्व बाबींवर मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याच्या नागरिकाच्या हक्काचे रक्षण; शेती आणि ग्रामविकासाकडे विशेष लक्ष; स्त्रियांच्या प्रश्नांविषयी जागृती; श्रमिकांच्या हक्कांचे रक्षण; मागास आणि दुर्गम भागांची सेवा. असे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जणू बीड जिल्हाच असावा. मात्र तोच कायदा केंद्र सरकारला निर्देश देण्याचे अधिकारही बहाल करतो, आणि पैशाची नाडीही सरकारच्याच हाती राहते. स्वायत्तता कागदावर, दोरी दिल्लीत.

या कलमाची कसोटी आमच्याच जिल्ह्यात लागली. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. ही काही एका रात्रीत घडलेली गोष्ट नव्हे. वर्षानुवर्षे कोयते जात होते, उचल फिटत नव्हती, बाया दवाखान्याच्या पायऱ्या चढत होत्या. हे सारे गावोगावी ठाऊक होते. ठाऊक असलेली गोष्ट बोलता येईल असे व्यासपीठ तेवढे नव्हते. कॅमेरे आले, काही आठवडे राहिले आणि गेले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली तेव्हा ते पुन्हा आले. दुष्काळ, खून आणि निवडणूक या तीन निमित्तांखेरीज आमचा जिल्हा खासगी वाहिन्यांच्या नकाशावर नसतो. त्यात आश्चर्य नाही. त्यांचा हिशेब जाहिरातदाराशी असतो, आणि पट्टा पडल्यावर रिकाम्या हाताने परतणारी टोळी काही जाहिरातदाराचे गिऱ्हाईक नव्हे. ज्याचा हिशेब नागरिकाशी असायला हवा, त्या सार्वजनिक प्रसारणाला आम्ही जाब विचारतो आहोत.

हे स्वप्नरंजन आहे असे ज्यांना वाटते त्यांनी १९५६ साल आठवावे. त्या वर्षी आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत ‘रेडिओ ग्राममंडळां’चा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत, आणि त्यांचे प्रश्न व शंका केंद्राकडे जात. ‘टाटा समाजविज्ञान संस्थे’तर्फे पॉल न्यूराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले आणि निष्कर्ष उत्साहवर्धक निघाले. आमचा बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला, तोवर प्रयोग उरकला होता. १९५९ पासून ही मंडळे देशभर पसरली आणि पुढे विरून गेली. ऐकणाऱ्याला उलट बोलू देणारे प्रसारण मराठी खेड्याला परके नाही. ते आपण गमावले आहे.

मग सामुदायिक रेडिओ आला. १९७८ मध्ये वर्गीस समितीने स्थानिक केंद्रे शिक्षणसंस्थांकडे सोपवण्याचा विचार मांडला होता. प्रत्यक्षात शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली २००२ च्या अखेरीस, आणि स्वयंसेवी संस्थांना नोव्हेंबर २००६ मध्ये. तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या माचनूरच्या दलित स्त्रियांनी तर परवाना नसतानाच कार्यक्रम मुद्रित करायला सुरुवात केली होती. प्रक्षेपणाला बंदी, म्हणून त्या ध्वनिफिती संघमच्या बैठकांत वाजवत. त्यांचा ‘संघम रेडिओ’ ऑक्टोबर २००८ मध्ये हवेत गेला. त्याच वर्षी माणदेशात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. माण तालुका आमच्यासारखाच कोरडा. तेथे जे झाले ते येथे का होऊ नये?

व्हावेच. पण परवान्याची अट वाचली की हसावे की रडावे कळत नाही. सामुदायिक रेडिओने स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पाणी कधी सुटणार ही प्रशासनाची सूचना वाचून दाखवता येते. पण ते पाणी का सुटले नाही, टँकरच्या खेपा कागदावर किती आणि गावात किती, हे विचारले की तो ‘वृत्त व चालू घडामोडी’ हा वर्ज्य प्रांत. खासगी दूरचित्रवाणीला चोवीस तास आरडाओरड करण्याची मुभा, वृत्तपत्राला मुभा, हातातल्या मोबाइलवर कुणालाही मुभा. शंभर वॉटच्या, दहा-बारा किलोमीटरवर विरणाऱ्या रेडिओने तेवढी सुरक्षा धोक्यात येते! ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये या बंदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. बंदी आजही उठलेली नाही.

मोबाइल असताना रेडिओ कशाला, हा शहाण्यांचा लाडका प्रश्न. मोबाइलवर बातमी येते आणि अफवाही येते. दोन्ही एकाच वेशात येतात आणि चुकीची दुरुस्ती करायला तिथे कुणी बांधील नसते. आम्हाला आवाजाइतकीच उत्तरदायित्वाची गरज आहे. ज्याचे दार ठोठावता येईल, ज्याला चूक कबूल करायला लावता येईल, असे केंद्र हवे.

आता थोडे आपल्या साहित्यिक मंडळींविषयी. जून २०२३ मध्ये आकाशवाणीचा पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा निर्णय झाला. पुण्यातून निषेध उमटला, निर्णय स्थगित झाला. बरेच झाले, सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांवर आमचाही जीव आहे. पण त्या निषेधात आठवणींचा गहिवर जितका होता, तितका विचार नव्हता. वाद बातम्या कुठून वाचल्या जाव्यात यावर झाला. त्या कुठून गोळा व्हाव्यात, आष्टी-पाटोद्याच्या बातमीसाठी आकाशवाणीकडे माणसे किती, हे कुणी विचारले नाही. मराठवाड्याला काही द्यायचे तर पुण्याचे काढून द्यायचे आणि मग दोघांना भांडत ठेवायचे, ही सरकारी वाटणी आपण निमूट मान्य केली.

आमच्या मागण्या तीनच आहेत. १९९५ च्या निकालाने सांगितलेली स्वायत्त यंत्रणा संसदेने कायद्याने निर्माण करावी. सामुदायिक रेडिओवरची वृत्तबंदी उठवावी. अब्रुनुकसानीचे आणि द्वेष पसरवण्याविरुद्धचे कायदे सर्वांना लागू आहेत, ते त्यालाही पुरेसे आहेत. आणि आकाशवाणीने जिल्हा केंद्रांवर वार्ताहर नेमावेत, कारण गावचा रेडिओ दहा-बारा किलोमीटरवर संपतो, पण कोयता थेट कोल्हापूरला आणि कर्नाटकात जातो. त्या माणसाला पालावर आपल्या गावची खबर मोठा प्रसारकच देऊ शकतो. एकाचे काम दुसरा करू शकत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा आणला, २०२४ मध्ये त्याची व्याप्ती मोबाइलवर बोलणाऱ्या सामान्य माणसापर्यंत वाढवू पाहिली आणि टीका होताच ऑगस्टमध्ये तो मागे घेतला. म्हणजे रेटा दिला तर सरकार हलते. नवा मसुदा आला की मुंबई-दिल्लीचे वाहिनीवाले आपले म्हणणे मांडतीलच. त्या फायलीत कड्याच्या ग्रामसभेचा ठराव असेल की नाही, एवढेच आपल्या हाती आहे. रेल्वेसाठी जी निवेदने लिहिली, त्यांची भाषा आम्ही अजून विसरलेलो नाही.