घरात अभ्यासाला जागा



पेरण्या बहुतेक शिवारांत उरकत आल्या. कोळपणी लागेपर्यंत जे चार दिवस हाताशी आहेत, त्यांत घरातले एक काम करून घ्यावे. मोबाईलवर शिकणाऱ्या मुलांसाठी घरात एक जागा ठरवून द्यावी. तुम्ही म्हणाल, साहेब पिकाचे सोडून हे काय काढून बसले! पण 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा नाइलाजाने घरात आलेला हा अभ्यास, शाळा पुन्हा भरल्या तरी गेलेला नाही. बारावीचा मुलगा प्रवेश परीक्षेचे तास मोबाईलवर बघतो, थोरला पोलीस भरतीची तयारी करतो. लग्नामुळे कॉलेज सुटलेली सून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करू बघते. आणि बसायचे कुठे, तर जिथे जागा मिळेल तिथे.

पुष्कळ घरांत दार लावून बसता येईल अशी एकच खोली असते. ती म्हणजे खताची पोती, फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या ठेवलेली. शांतता मिळते म्हणून मुलाला तिथे बसवतात. हे अजिबात करू नये. झाकण लावलेल्या बाटलीचाही वास खोलीत साठतो आणि तो घेत पोर दोन-दोन तास बसते. त्याहून धोक्याच्या असतात धान्यात ठेवण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो आणि पावसाळ्यात ओलावा काही कमी नसतो. बंद खोलीत हा वायू जीव घेतो. मुळात या गोळ्या घरी वापरण्यासाठी नाहीतच. सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांनाच त्यांची परवानगी आहे. तेव्हा औषधे कुलपाच्या पेटीत घालून राहत्या घराबाहेर हलवावीत. मुलांसाठी म्हणून हे काम झाले, तर घरातल्या सगळ्यांचेच भले होईल.

जागा ठरवताना मोबाईल हातात घेऊन घरभर एक फेरी मारावी. पत्र्याचे छप्पर आणि जाड दगडी भिंती रेंज अडवतात. माजघरात तास तुटत असेल, तर तोच ओसरीत किंवा खिडकीपाशी नीट चालतो. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की शिक्षकांचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून साधा वायरचा इअरफोन घेऊन ठेवावा. आवाज मात्र बेताचा असावा. ओसरीत बसायचे तर सरपण, गोवऱ्या आणि वैरण यांपासून लांब बसावे. या दिवसांत उंदरामागे साप येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

टेबल-खुर्ची नसली तरी अडत नाही. पाठ भिंतीला, खाली घोंगडी आणि पुढे चौरंग. चौरंग नसेल तर टोमॅटोचे क्रेट धुऊन पालथे घालावे. मोबाईल मांडीत घेऊन बसले की मान दुखते. तो दोन विटांवर, हातभर अंतरावर टेकवून ठेवावा. उजेड डाव्या बाजूने यावा, म्हणजे लिहिताना वहीवर हाताची सावली पडत नाही. डावखुऱ्या मुलाचे उलट. दर वीस मिनिटांनी डोळे उचलून समोरच्या बांधावरचे झाड बघावे. चार्जिंग मोरीपासून आणि पाण्याच्या माठापासून दूर करावे. विजा कडाडू लागल्या की चार्जर काढून ठेवावा.

वही-पेन हवेच. शिवारफेरीत नुसते पीक बघून जाणारा शेतकरी आणि वहीत टिपून नेणारा शेतकरी यांच्यातला फरक मी तीस वर्षे बघतो आहे. पोरांचेही तसेच. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. रेंज चांगली असेल तेव्हा ती आणि धड्यांचे व्हिडिओ उतरवून ठेवले, की वीज गेली तरी बॅटरी असेपर्यंत अभ्यास थांबत नाही.

एवढे सगळे केले तरी एक अडचण उरतेच. बहुतेक घरांत चांगला मोबाईल एकच असतो, आणि तो मालकाच्या खिशातून रानात जातो. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता, त्याच चौकोनात तासाची वेळ लिहावी आणि त्या वेळी मोबाईल घरी ठेवावा. दोन फोन उशिरा घेतले म्हणून बाजारभाव पळून जात नाही. मोबाईल मुलाला आधी आणि मुलीला उरलेल्या वेळात, असेही होऊ नये. सुनेच्या बाबतीत तर मी पाहिले आहे, की ती पुस्तक उघडून बसली की घरातल्या प्रत्येकाला चहा आठवतो. सासूबाईंनी एकदा स्पष्ट सांगितले, की "तिचा तास संपेपर्यंत तिला हाक मारायची नाही," तर दुसऱ्या कोणी सांगायची गरज पडत नाही. त्या तासाला टीव्ही बंद ठेवावा. म्हशीला पाणी दाखवायचे काम घरच्या मुलाने केले तरी चालते.

पुढील अंकात उगवणीनंतरच्या नांग्या कशा भराव्यात, ते पाहू.