तुलना पोलिसाशी कशाला?

सातारा-सांगलीकडच्या सरकारी डॉक्टरांच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते: पोलीस उपअधीक्षक आणि डॉक्टर एकाच वेतनश्रेणीत! हिशेब खोटा नाही. सातव्या वेतन आयोगानुसार राज्यात उपअधीक्षकाची श्रेणी ५६,१०० रुपयांपासून सुरू होते; एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याचीही तिथूनच. विशेषज्ञाची ६७,७०० पासून. म्हणजे एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांवर एमडी-एमएसची आणखी तीन वर्षे काढायची आणि सुरुवातीच्या मूळ वेतनात फरक ११,६०० रुपयांचा.

पण मग पोलीस शिपायाकडेही पाहावे. त्याचे मूळ वेतन २१,७०० पासून. खंबाटकीत किंवा कराडजवळ महामार्गावर रात्री अपघात झाला की जखमींना घेऊन येणारा तोच आणि सकाळी शवविच्छेदनाच्या दाराशी ताटकळणाराही तोच. चाळिशीतच रक्तदाब, मधुमेह घेऊन तो ओपीडीच्या रांगेत उभा असतो. पोलीस खात्याच्या पगारावर बोट ठेवून डॉक्टरांच्या पदरात काय पडणार?

दुखणे वेगळेच आहे. विशेषज्ञाचा भाव पोलीस ठाण्यात ठरत नाही, मिरजेत ठरतो. १८९४ मध्ये डॉ. वान्लेस यांचे रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव. भूलतज्ज्ञाला तिथे खासगीत कामाला तोटा नाही. त्याने जतला किंवा पाटणला का जावे? व्यवसायरोध भत्ता मिळतो खरा, पण तो जतला आणि सांगलीला सारख्याच टक्क्याने.

शिवाय सिझेरियनला एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ पुरत नाही. भूलतज्ज्ञ हवा, बाळासाठी बालरोगतज्ज्ञ हवा. तिघांपैकी एक नसला की बाळंतीण १०८ च्या गाडीत.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाने 'तुम्ही आकडा सांगा, आम्ही देऊ' अशी कंत्राटी सोय काढली. धाडसी, पण अर्धी. आकडा सांगून आलेला कंत्राटी सर्जन आणि ६७,७०० वर लागलेला कायम सर्जन एकाच टेबलाशी उभे राहिले, तर कायम असलेला किती दिवस टिकेल? त्यापेक्षा तालुक्याला राहणाऱ्या कायम तज्ज्ञांना, तिघांचा गट करून, अंतराप्रमाणे जादा वेतन द्यावे. सोबत गळके नसलेले क्वार्टर आणि रजेच्या काळात बदली डॉक्टर. एकुलता भूलतज्ज्ञ भाचीच्या लग्नाला गेला की त्या आठवड्यातली सिझेरियन जिल्ह्याला पाठवावी लागतात. वेतनपत्रकात हे कुठल्याच रकान्यात येत नाही.