जगमधली बिअर मुरत नाही!

बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये शेजारच्या सुभेदार साहेबांनी लेकाच्या रजेसाठी गव्हाच्या ताज्या बिअरचा २ लिटरचा जग फ्रिजमध्ये जपून ठेवला. रजा महिनाभर पुढे गेली. ‘मुरू दे, रमसारखी!’ साहेब म्हणाले.

साफ चूक. रमसुद्धा मुरते ती लाकडी पिंपात, बाटलीत नव्हे. नळावरून जग भरताना हवा आत शिरते आणि तीच बिअर नासवते. बंद, थंडगार जग आठवडाभर टिकतो. उघडला की फार तर दीड दिवस. मुरवायचीच तर कडक स्टाउट, तीही कारखान्यातून सीलबंद आलेली.

लेक आला, तेव्हा ग्लासात फेस नव्हता. चव भिजल्या पुठ्ठ्याची.

मित्रहो, रजेचा भरवसा नसतो. जग धुऊन रिकामा ठेवा. माणूस दारात आला की भरून आणा.