पालक काय म्हणतील?

यंदाच्या उन्हाळी शिबिराच्या बैठकीत एक निर्णय दहा मिनिटांत झाला. आमच्या तरुणांच्या गटात सहा वर्षं मुलांना गड चढायला शिकवणारा माझा मित्र यंदा ‘विश्रांती’ घेणार, असं ठरलं. विश्रांती त्याने मागितली नव्हती. तो समलिंगी आहे हे कुणाला तरी कळलं होतं आणि आठवड्याभरात सगळ्यांना कळलं होतं. कुणी वाईट बोललं नाही. “आपलं काही नाही रे, पण पालक काय म्हणतील?” एवढंच प्रत्येकजण म्हणाला. मी काहीच म्हणाले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहिते आहे. त्याला विचारून लिहिते आहे, म्हणून त्याचं नाव नाही, आमच्या शहराचंही नाही.

त्या बैठकीत एका भाईंनी कायद्याचा मुद्दा काढला. संस्था आपली आहे, मुलांसमोर कोणाला उभं करायचं हे आपण ठरवणार, यात अन्याय कसला? मुद्दा पोरकट नाही. नेमका हाच मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि जिंकला होता.

जेम्स डेल हा न्यू जर्सीचा मुलगा आठव्या वर्षी स्काउटमध्ये गेला. 1988 मध्ये त्याला ईगल स्काउट हा तिथला सर्वोच्च दर्जा मिळाला, पुढे तो लहान मुलांच्या तुकडीचा सहायक प्रमुख झाला. कॉलेजात तो समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनेत काम करू लागला. 1990 मध्ये एका वर्तमानपत्रात त्याची मुलाखत आणि फोटो छापून आला. थोड्याच दिवसांत ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’चं पत्र आलं: सदस्यत्व रद्द. मुलांशी गैरवर्तनाचा आरोप नव्हता, कामाबद्दल तक्रार नव्हती. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये डेलच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी, 28 जून 2000 रोजी, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी फिरवला. न्यायालयाचं म्हणणं असं की संघटनेला आपला विचार मांडायचा हक्क आहे, आणि नको असलेला माणूस नेता म्हणून लादला तर तो विचारच बदलतो.

हे सहज उडवून लावता येत नाही. उद्या सरकारने आपल्या चळवळीला सांगितलं की तोंडी तलाकचं समर्थन करणारा माणूस पदाधिकारी म्हणून घ्या, तर आपण घेऊ का? नाही घेणार. मदरशात कुराण कोणी शिकवावं हेही सरकारने ठरवू नये. पण आपण त्या माणसाला नाकारू ते त्याच्या मतासाठी, आणि ते मत नाकारण्यासाठीच आपली संस्था आहे. स्काउट्स मुलांना तंबू ठोकायला, गाठी मारायला, प्रथमोपचार करायला शिकवतात. समलिंगी माणसांना विरोध करायला कोणी आपला मुलगा तिथे पाठवत नव्हतं. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी निकालपत्रात हेच दाखवलं, की स्काउट्सच्या शपथेत आणि नियमांत समलिंगी संबंधांबद्दल शब्दही नाही. शिवाय ही संस्था स्वतःला सर्व मुलांची म्हणवत होती, अमेरिकन संसदेची सनद मिरवत होती, सरकारी शाळांत भरत होती. सगळ्यांच्या मुलांना हाक मारायची, सगळ्यांची जागा वापरायची आणि दारात उभं राहून माणसं निवडायची, अशी मुभा नसावी असं माझं मत आहे. आमचं शिबिरही शाळेच्या मैदानावर भरतं आणि लोकवर्गणीवर चालतं.

आणि आपण मुसलमानांनी तरी ‘संस्था आमची, बाहेर काढायचा हक्क आमचा’ हे वाक्य जरा जपून वापरावं. दाऊदी बोहरा समाजात धर्मगुरू माणसाला समाजाबाहेर काढू शकतात. त्या माणसाशी घरचेही संबंध तोडतात, जमातीची मशीद आणि कब्रस्तान त्याला बंद होतं. मुंबई राज्याने 1949 मध्ये या बहिष्काराविरुद्ध कायदा केला. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: बहिष्कार हा धर्माचा कारभार चालवण्याचा भाग आहे म्हणून. डॉ. असगर अली इंजिनियर यांनी हा बहिष्कार अंगावर घेतला आणि तरी आयुष्यभर त्याविरुद्ध लिहिलं. 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. हमीद दलवाईंनी 1966 मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा सचिवालयावर नेला, तेव्हा त्यांनाही ‘हे आपल्यातले नाहीत’ हेच ऐकावं लागलं. बहिष्काराविरुद्ध लढलेल्यांचे फोटो आपण कार्यक्रमात भिंतीवर लावतो. त्याच भिंतीखाली बसून आम्ही एकाला यादीतून काढलं.

आता मुलांच्या सुरक्षिततेचं. बैठकीत हे मोठ्याने कुणी बोललं नाही, पण ‘पालक काय म्हणतील’ याचा अर्थ तोच होता. इथेही स्काउट्सचाच अनुभव पाहा. मुलांचं लैंगिक शोषण केल्याचा संशय असलेल्या प्रौढांच्या गुप्त फायली ही संस्था वर्षानुवर्षं ठेवत होती. 2012 मध्ये ओरेगनच्या न्यायालयाच्या आदेशाने 1965 ते 1985 मधल्या 1,200 पेक्षा जास्त फायली उघड झाल्या. त्यांत शिक्षक होते, पोलीस होते, पाद्री होते. अनेक प्रकरणं पोलिसांपर्यंत नेलीच नव्हती. फेब्रुवारी 2020 मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 82,000 पेक्षा जास्त लोकांनी लहानपणी शोषण झाल्याचे दावे दाखल केले. म्हणजे डेलला काढून एकही मूल वाचलं नाही. ज्याला मुलांना इजा करायची असते तो वर्तमानपत्रात मुलाखत देत नाही, तो भला माणूस म्हणून वावरतो. आणि ‘कळलं तर काढू’ असा नियम केला की सगळेच लपायला शिकतात. शोषण करणाऱ्याला याहून सोयीची जागा कोणती? मुलांना खरंच जपायचं तर एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल असं कधीही राहू नये, हा नियम सर्वांना लावा, मलासुद्धा. मुलाने तक्रार केली तर संस्थेची इज्जत न पाहता पोलिसांत जा. आमच्या शिबिरात असा लेखी नियम आजही नाही. हे कुणाला सुचलं नाही, माझ्या मित्राला काढायचं मात्र लगेच सुचलं.

दीनचा प्रश्न राहतो आणि तुमच्यापैकी अनेकांच्या मनात तोच पहिला असेल. पारंपरिक फिकहचं मत मला माहीत आहे, त्यावरचा वाद मी इथे सोडवायला बसलेले नाही. पण आमच्या शिबिरात व्याजाचा धंदा करणाऱ्याची देणगी चालते. नमाजला महिनोन् महिने न जाणारे दादा चालतात. त्यांचा ईमान कुणी तपासत नाही, तपासूही नये. दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकणं आणि पाठीमागे चर्चा करणं याला सूरह हुजुरातमध्ये साफ मनाई आहे. त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आम्ही दुसरं काय केलं?

स्काउट्सनी पुढे काय केलं तेही सांगते. 2013 मध्ये समलिंगी मुलांवरची बंदी उठवायचा निर्णय झाला, जुलै 2015 मध्ये प्रौढांवरची राष्ट्रीय बंदी उठली, मात्र चर्चच्या तुकड्यांना आपले प्रमुख स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे निवडायची सूट ठेवली. डेलला पत्र येऊन तेव्हा 25 वर्षं झाली होती. खटला जिंकून जे राखलं ते त्यांनी आपणहून सोडलं. आपल्याकडे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून काढले. पण शिबिराची यादी न्यायालय करत नाही, आपण करतो.

चार वर्षांपूर्वी याच यादीवर माझं नाव आलं होतं. बुरखा न घालणारी मुलगी मुलामुलींना घेऊन मुक्कामी जाणार, पालक काय म्हणतील? तेव्हा बैठकीत एकच माणूस उठून म्हणाला होता की पालकांना मी भेटतो. चौदा घरी तो चहा पिऊन आला आणि मी शिबिराला गेले. तो माणूस कोण होता हे तुम्ही ओळखलं असेल.

एक गोष्ट मला त्या बैठकीपेक्षाही जास्त खुपते. शिबिरात तेरा-चौदा वर्षांची चाळीस मुलं असतात. त्यांच्यात एखाद्याला आपण वेगळे आहोत हे आत्ता कळू लागलं असेल. यंदा दादा का नाही आला हे त्याला कुणीतरी सांगेलच, हसत हसत. तो ते ऐकून अम्मीला काही सांगणार नाही, आम्हाला तर नाहीच.

पुढच्या रविवारी बैठक आहे. मी दोन ठराव लिहून नेते आहे: त्याचं नाव यादीत परत घ्यावं आणि मुलांच्या सुरक्षिततेचा लेखी नियम सर्वांसाठी करावा. मतदान हात वर करून घ्या आणि कोणाचा हात कुठे होता ते इतिवृत्तात नोंदवा, असंही सांगणार आहे. पालकांची यादी माझ्याकडे आहे. यंदा चौदा घरी मी जाईन.